घर जमिनीतली हवा ओढतं, रेडॉन तिच्याबरोबर येतो

रेडॉन हा मातीतून निघणारा किरणोत्सर्गी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो घरात आहे का, असेल तर किती, हे मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही. शेजाऱ्यांकडे कमी निघाला म्हणून आपल्याकडेही कमीच असणार, असंही धरता येत नाही. एका भिंतीला लागून असलेल्या दोन घरांचे आकडे कित्येक पटींनी वेगळे निघू शकतात.

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारा अभियंता स्टॅनली वॉट्रस किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रासमोरून गेला की भोंगा वाजायचा. कामावरून परतताना वाजला असता तर कोणाला फार नवल वाटलं नसतं, पण तो कामावर येतानाही वाजत होता. शेवटी त्याचं घर तपासलं, तेव्हा दर घनमीटर हवेत सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन निघाला. घरांमधल्या रेडॉनकडे अमेरिकेचं गांभीर्याने लक्ष गेलं ते तेव्हापासून.

एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. जागतिक आरोग्य संघटना घरासाठी १०० बेकरेल प्रति घनमीटर ही पातळी सुचवते, आणि ते शक्य नसेल तिथे निदान ३०० च्या वर जाऊ नये असं म्हणते. अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात (तिथल्या एककात हे ४ पिकोक्युरी प्रति लिटर), ब्रिटन आणि कॅनडात २००. यातला कुठलाही आकडा म्हणजे ‘इथवर बिनधास्त, इथून पुढे धोका’ अशी निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. दीर्घकाळाची सरासरी दर १०० बेकरेलने वाढली की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असा त्या संघटनेचा हिशेब आहे. धूम्रपान करणाऱ्यांचा मुळातला धोकाच मोठा असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ही वाढ फार भारी पडते.

तो तयार कसा होतो

खडकात, मुरमात, मातीत थोडंफार युरेनियम सगळीकडे असतं. त्याचं टप्प्याटप्प्याने विघटन होऊन रेडियम बनतं, आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतला वायू हा एकटाच. बाकीची मूलद्रव्यं जिथे तयार होतात तिथेच अडकून बसतात, रेडॉन मात्र मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून सरकू शकतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा काळ) ३.८ दिवसांचं आहे, म्हणजे महिनाभरात दोनशे अणूंतला जेमतेम एक उरतो. म्हणून फार खोलवरच्या रेडॉनची चिंता नसते. तो वर पोचेपर्यंत संपलेला असतो. प्रश्न असतो घराखालच्या काही मीटर मातीचा.

फुफ्फुसाला इजा होते ती मुख्यतः रेडॉनच्या पुढच्या पिढीकडून. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बराचसा तसाच बाहेर येतो. पण त्याच्या विघटनातून निघणारे पोलोनियमचे अणू धुळीला चिकटतात, श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. अल्फा कण साध्या कागदानेही अडतो. पण अस्तरावरच्या पेशी आणि तो अणू यांच्यामध्ये कागदाएवढाही आडोसा नसतो.

खरा प्रश्न दाबाचा

घरातली ऊबदार हवा वर चढते आणि वरच्या मजल्याच्या फटींतून, छतातून बाहेर पडते. तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. त्यामुळे तळाशी दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, साधारण दोन ते पाच पास्कलने. हा आकडा किती छोटा आहे? टेबलावर पडलेला एक साधा कागद टेबलावर जेमतेम पाऊण पास्कल दाब देतो. म्हणजे तीन ते सहा कागदांच्या वजनाएवढ्या ओढीने हे सगळं चालतं. स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट, कपडे वाळवायचं यंत्र, धुराडं हे सगळे त्यात भर घालतात.

एवढीशी ओढ पुरते, कारण मातीतल्या हवेत रेडॉन फार दाट असतो. एक हिशेब करून पाहू. घराचं आकारमान २५० घनमीटर आहे आणि दोन तासांत सगळी हवा एकदा बदलते, म्हणजे तासाला १२५ घनमीटर. मातीतल्या हवेत दर घनमीटरला ४०,००० बेकरेल आहेत असं धरू. भेगांमधून अशी हवा तासाला फक्त एक घनमीटर शिरली, तरी घरातली पातळी ३२० वर जाते. सव्वाशे घनमीटर चांगल्या हवेत एक घनमीटर मातीतली, आणि तेवढ्याने काम बिघडतं.

वाटाही ठरलेल्या आहेत: काँक्रीट आणि भिंत यांच्यातला सांधा, सुकताना पडलेल्या भेगा, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांभोवतीची मोकळी जागा, तळघरातला पाणी उपसायचा खड्डा, पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींची आतली पोकळी. बाथटबखाली पाइपासाठी काँक्रीटमध्ये सोडलेला चौकोन तर हमखास विसरला जातो, आणि तिथे खाली उघडी माती असते.

रेडॉन हवेच्या साडेसातपट जड असल्यामुळे तो तळघरात ‘साचतो’, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. १०० बेकरेल म्हणजे घनमीटरभर हवेत रेडॉनचे पाचेक कोटी अणू. हवेच्या रेणूंच्या तुलनेत हे इतके नगण्य आहेत की ते हवेत पूर्ण मिसळून हवेबरोबरच फिरतात. तळघरात आकडा जास्त येतो, कारण दार तिथे आहे.

आधी मोजा, आणि नीट मोजा

कमी मुदतीसाठी कोळशाची डबी असते. दोन ते सात दिवस उघडी ठेवायची, घट्ट बंद करायची आणि लगेच प्रयोगशाळेत पाठवायची. लगेच अशासाठी, की डबीत पकडलेला रेडॉनही त्याच ३.८ दिवसांच्या हिशेबाने संपत असतो. या चाचणीच्या बारा तास आधीपासून खिडक्या आणि बाहेरची दारं बंद ठेवायची. नेहमीची ये-जा चालते.

दीर्घ मुदतीसाठी अल्फा-ट्रॅक डबी तीन महिने ते वर्षभर ठेवतात. आत चष्म्याची काच करतात त्याच जातीच्या प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो. अल्फा कण त्यावर आदळला की सूक्ष्म ओरखडा उठतो, कॉस्टिक सोड्यात बुडवून तो तुकडा झिजवला की ओरखड्याचा खड्डा होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते खड्डे मोजतात. रेडॉन रोज, ऋतूगणिक, पावसापाण्यानुसार वरखाली होतो, म्हणून खर्चाचा निर्णय शक्यतो या चाचणीवर घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटर सोयीचे आहेत, पण त्यांचा पहिल्या दिवसाचा आकडा मनावर घेऊ नये. महिन्याची सरासरी बघावी आणि मीटर या खोलीतून त्या खोलीत फिरवत बसू नये.

जागा: ज्यात माणसं खरोखर वावरतात असा सर्वांत खालचा मजला. जमिनीपासून किमान ५० सेंटिमीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटर आणि खिडकी-दारापासून मीटरभर लांब. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचं.

जे पुरत नाही

हवा शुद्ध करणारं यंत्र धूळ अडवतं, त्यामुळे धुळीला चिकटलेले पोलोनियमचे कण काही प्रमाणात कमी होतात. रेडॉन वायू मात्र गाळणीतून आरपार जातो आणि पुढे पुन्हा तेच कण तयार करतो. हा उपाय म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

खिडक्या उघडल्या की आकडा झपाट्याने उतरतो, पण बंद केल्यावर काही तासांत पुन्हा चढतो. शिवाय हवेची अदलाबदल दुप्पट केली तर रेडॉन निम्मा होतो, एवढंच. ८०० चे १०० करायचे तर हवा आठपट बदलावी लागेल, आणि थंडीत ती सगळी गरम करावी लागेल. फक्त वरच्या मजल्याची खिडकी उघडली तर खालची ओढ उलट वाढते. तळघरात नुसता एग्झॉस्ट लावण्याची चूकही हीच. पातळी थोडीच जास्त असेल, तर हवा आत आणि बाहेर समान प्रमाणात नेणारं, उष्णता वाचवणारं वायुवीजन यंत्र जरूर उपयोगी पडतं.

फक्त भेगा बुजवणं हा लोकांचा आवडता उपाय, कारण तो स्वतः करता येतो. नव्वद टक्के भेगा बुजवल्या तरी रेडॉन नव्वद टक्क्यांनी उतरत नाही, कारण ओढ कायम असते आणि तीच हवा उरलेल्या फटींतून जास्त जोराने येते. घर खचतं, काँक्रीट आकसतं, नव्या भेगा पडतात. बुजवणं हवंच, पण पुढच्या कामाला जोड म्हणून.

ओढ उलटी करणं

काम करतो तो उपाय असा: काँक्रीटखालच्या थरातून पंख्याने सतत हवा ओढायची आणि छताच्या वर सोडायची. काँक्रीटखाली दाब घरातल्यापेक्षा कमी झाला की भेगांमधून हवा वर येण्याऐवजी घरातून खाली जाते. भेग तीच राहते, फक्त वाऱ्याची दिशा बदलते. नीट बसवलेल्या यंत्रणेने रेडॉन ८० ते ९९ टक्क्यांपर्यंत उतरतो.

पाइप लावायच्या आधी ओढ किती लांब पोचते ते तपासायला हवं, आणि घाईची कामं इथेच फसतात. प्रथम काँक्रीटमधून जाणारे पाइप, तारा, तळाशी बसवलेली गरम पाण्याची नळी कुठे आहे ते नकाशावरून आणि शोधक यंत्राने पाहून घ्या. मग मध्यभागाजवळ ३०–४० मिलिमीटरचं भोक पाडून त्यात व्हॅक्यूम क्लीनरची नळी घट्ट बसवा. क्लीनरची बाहेर पडणारी हवा घराबाहेर सोडा, कारण ती थेट मातीतली, दाट रेडॉनची हवा असते. आता एक-दोन मीटरवर, चार-पाच मीटरवर आणि लांबच्या कोपऱ्यांत ८–१० मिलिमीटरची छोटी भोकं पाडा. क्लीनर चालू करून प्रत्येक भोकावर दाबमापक लावा. तो नसेल तर अगरबत्तीचा धूर धरा. धूर भोकात ठामपणे ओढला गेला तर तिथवर ओढ पोचली. रेंगाळला किंवा वर आला तर नाही. कोपऱ्यांतही निदान एक-दोन पास्कल हवेत, आणि थंडीत घराची स्वतःची ओढ वाढते हे लक्षात घेऊन थोडे जास्तच. भोकं पाडताना उडणारी काँक्रीटची धूळ फुफ्फुसाला वाईट असते, मास्क लावा.

काँक्रीटखाली स्वच्छ खडी असेल तर एकाच जागेवरून सबंध घराची ओढ साधते. चिकणमाती किंवा घट्ट दाबलेला बारीक भराव असेल तर दोन-तीन मीटरपलीकडे काही पोचत नाही. पंखाही त्यानुसार निवडायचा. खडीतून हवा भरपूर येते, तिथे जास्त हवा वाहून नेणारा पंखा हवा. चिकणमातीत हवा थोडीच येते, तिथे कमी हवेवर जास्त ओढ देणारा लागतो आणि बहुधा एकापेक्षा जास्त जागी पाइप घालावा लागतो. ‘मोठा पंखा लावा, प्रश्न मिटेल’ हे चिकणमातीत चालत नाही.

जागा ठरली की कोअर कटरने सुमारे १२५ मिलिमीटरचं भोक घ्या. त्यातून हाताने २० ते ४० लिटर माती-खडी उपसून खाली पोकळी करा. हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून तो गाळला जातो. पण पाइपाचं तोंड थेट घट्ट मातीला टेकलं तर हवा ओढायला वाव एका बशीएवढाच उरतो. पोकळी केली की तिच्या सगळ्या बाजूंनी हवा येते. पाइपाचं टोक पोकळीत तरंगतं ठेवा, तळाला टेकवू नका. पाइप जाड पीव्हीसीचा, साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा. हवा कमी असेल तिथे ७५ चालतो. पाइप आणि काँक्रीट यांच्यातली फट फोमच्या दोरीने भरून वरून पॉलियुरेथेन सीलंट लावा. भिंतीलगतचे सांधे आणि भेगाही आता बुजवा: आधी तारेच्या ब्रशने घासून, धूळ झाडून. धुळीवर लावलेलं सीलंट वर्षभरात पापुद्र्यासारखं सुटतं. उपसा-खड्ड्यावर रबरी पट्टी आणि स्क्रू असलेलं हवाबंद झाकण हवं, म्हणजे पंप दुरुस्तीला ते काढता येतं.

पंखा कधीही तळघरात किंवा राहत्या खोलीत बसवायचा नाही. पंख्याच्या आधीच्या पाइपात ओढ असते, तिथे सांधा गळला तर घरातली हवा आत जाते, नुकसान थोडकं. पंख्यानंतरच्या पाइपात दाब असतो, तिथे गळती झाली तर मातीतली दाट हवा थेट खोलीत येते. म्हणून पंखा माळ्यावर किंवा घराबाहेर. तो उभ्या पाइपात बसवा, म्हणजे आत साचणारं पाणी खाली ओघळून जातं. मातीतली हवा दमट असते, थंड पाइपात तिचं पाणी होतं. म्हणून आडव्या पाइपाला पोकळीच्या दिशेने मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, पाइप गुडगुडतो आणि ओढ तुटते.

वरचं तोंड छताच्या कडेच्या वर, जमिनीपासून निदान तीन मीटर उंच आणि खिडक्यांपासून तीन मीटर लांब असावं, सरळ आकाशाकडे उघडं. पावसासाठी टोपी लावली तर हवा खाली वळते. पाइपात पडलेलं पाऊसपाणी पोकळीत जाऊन मुरतं, त्याने बिघडत नाही. पंखा रात्रंदिवस चालू ठेवायचा, टायमर लावायचा नाही. वीज साध्या बल्बाएवढी, साधारण २० ते १०० वॅट लागते.

एक धोका वेगळा सांगायला हवा. गॅसचा गिझर, शेगडी किंवा धुराड्यावर चालणारं काही घरात असेल, तर पंखा भेगांमधून घरातली हवा ओढून घरातला दाब इतका उतरवू शकतो की जळणाचा धूर धुराड्यातून उलटा घरात येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो वर्षांनी नव्हे, तासांत जीव घेतो. यंत्रणा चालू करून, सगळे एग्झॉस्ट लावून, दारं बंद करून गिझर पेटवा आणि धुराड्याच्या तोंडाशी धूर धरा. तो धुराड्यात ओढला न जाता खोलीत परत ढकलला गेला तर पंखा थांबवून आधी हवेची सोय करायची.

नळीतलं लाल पाणी

पाइपावर इंग्रजी यू आकाराची छोटी नळी लावतात, आत लाल द्रव. गवंडी लेव्हल पाहायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तोच प्रकार. पंखा ओढत असला की द्रवाच्या दोन बाजू वरखाली राहतात. पहिल्या दिवशीची पातळी खुणेने नोंदवून ठेवा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर पंखा बंद पडला आहे किंवा नळी निसटली आहे. फरक नेहमीपेक्षा वाढला तर खाली पाइप तुंबतोय: पाणी, गाळ किंवा बर्फ. कमी झाला तर कुठेतरी नवी गळती आहे किंवा पंखा थकतोय. ही नळी ओढ दाखवते, रेडॉन नाही. म्हणून यंत्रणा बसवल्यावर किमान २४ तास जाऊ देऊन महिन्याच्या आत पुन्हा मोजा, आणि नंतर दर दोन वर्षांनी. घरात मोठी तोडफोड झाली तर तेव्हाही.

फेरमोजणीत आकडा उतरलाच नाही तर आधी पुन्हा अगरबत्ती घेऊन लांबच्या कोपऱ्यांतली ओढ तपासा, मग विसरलेली उघडी माती शोधा, मग वरच्या तोंडातून निघालेली हवा एखाद्या खिडकीतून परत येत नाही ना ते पाहा. हे सगळं ठीक असेल तर उगम दुसरीकडे आहे. खासगी विहीर किंवा कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेला रेडॉन शॉवरखाली हवेत उतरतो. पाण्यात घनमीटरला दहा हजार बेकरेल असतील तर घराच्या हवेत साधारण एकाची भर पडते, त्यामुळे पाणी फारच भारित असेल तरच हे कारण धरायचं. मग पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून तो बाहेर काढणारी टाकी लागते. कोळशाची गाळणीही रेडॉन पकडते, पण कालांतराने ती स्वतःच किरणोत्सर्गी होते. क्वचित भिंतींचं साहित्यच कारण असतं. स्वीडनमध्ये १९७५ पर्यंत बनलेलं, तुरटीच्या शेल खडकापासूनचं ‘निळं काँक्रीट’ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे जमिनीखालून कितीही ओढा, उपयोग नाही, वायुवीजनच लागतं.

घराखाली रांगत जाण्याएवढी उघडी जागा असेल तर मातीवर जाड प्लास्टिक अंथरून, कडा भिंतींना चिकटवून, त्याखालून तशीच ओढ द्यायची.

घर अजून बांधायचं असेल तर काम फारच सोपं आहे. काँक्रीटखाली १० सेंटिमीटर स्वच्छ खडी, तीवर निदान ०.१५ मिलिमीटर जाडीचं पॉलिथीन, जोडांवर ३० सेंटिमीटर एकावर एक, आणि खडीतून निघून घराच्या मधून सरळ छतावर जाणारा एक उभा पाइप. ऊबदार घरातून गेल्यामुळे त्यात आपोआप थोडी ओढ तयार होते. ती पुरली नाही तर माळ्यावर पंखा जोडायचा, त्यासाठी विजेचा पॉइंट आधीच काढून ठेवायचा. त्या पाइपावर प्रत्येक मजल्यावर ठळक अक्षरांत ‘रेडॉन’ लिहा. नाहीतर दहा वर्षांनी एखादा प्लंबर तो सांडपाण्याचा समजून त्याला बेसिन जोडून मोकळा होतो.